वकीलसाहेबांचा प्रीॲम्प

"झाकण काढू नको," अण्णा म्हणाले. "भाईरनं फवारा मार आनि ठेव. माझा डोळा उघडला की मी बघतो."

अण्णांच्या उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मोतीबिंदू काढून पाचच दिवस झाले होते आणि डॉक्टरांनी सोल्डरच्या धुरापासून दोन आठवडे लांब राहायला बजावलं होतं. तरी ते रोज दुकानात येऊन बसत. मिरजेच्या लक्ष्मी मार्केटमागे आमचं दुकान, पाटीवर 'हंजे रेडिओ' एवढंच. अण्णा म्हणजे इराप्पा हंजे, माझे वडील. मी महांतेश, घरचा म्हांतू. पुण्यात एका मोठ्या ऑडिओ शोरूममध्ये तीन वर्षं काढून, त्यांच्या डोळ्याचं निमित्त होऊन महिनाभरासाठी आलो होतो. सव्वीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं.

"खरखर आतनं येतीया, अण्णा. व्हॉल्यूम साफ करायचा तर झाकण काढायलाच लागणार की."

"सांगितलं न्हवं? लिमयेवकिलांची पेटी हाय ती. तिला माझ्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई."

एवढं बोलून ते डोळ्यात थेंब घालून घ्यायला घरी गेले. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत मी थांबलो, आणि मग झाकणाचे सहाही स्क्रू काढले.

ती पेटी म्हणजे प्रीॲम्प. टेप, रेकॉर्ड, रेडिओ, जे काही वाजवायचं त्याचा नाजूक आवाज आधी या पेटीत यायचा. इथं तो निवडायचा, कमीजास्त करायचा, आणि मग स्पीकर हलवण्याएवढी ताकद देणाऱ्या दुसऱ्या पेटीकडे, पॉवर ॲम्पकडे, पाठवायचा. एके काळी याच्याशिवाय घरात गाणं वाजत नसे. पण ही गोष्ट २०११ सालची. तोवर कॉम्प्युटरमधलं गाणं बाहेर काढणारी तळहाताएवढी डबी, डॅक, बाजारात आली होती. तिलाच आवाजाचं बटण, तिच्यातून सरळ पॉवर ॲम्पला वायर. मधली पेटी हवीच कशाला? मी पुण्यात दिवसाला चार गिऱ्हाइकांना हेच सांगायचो. मधे जितकी जास्त दुकानं तितकं दुधात पाणी जास्त, असं म्हटलं की माणसं हसायची आणि डबी घ्यायची.

हेच मी आदल्या रविवारी लिमयेवकिलांच्या दिवाणखान्यात म्हणालो होतो.

बाळकृष्ण लिमये, वय अडुसष्ट, वकिली सोडलेली. मिरजेत गाण्याबद्दल वाद झाला तर शेवटचा निकाल त्यांचा. तरुणपणी चौदा वर्षं ते शिरढोणकरबुवांकडे शिकले. स्वतः गवई झाले नाहीत, पण त्यांच्या कानाचा गावात दरारा होता. दर रविवारी सकाळी ब्राह्मणपुरीतल्या त्यांच्या घरी आठदहा जण गाणं ऐकायला जमायचे. कुमुदकाकू कांदेपोहे करायच्या. अण्णा जायचे, कारण सगळी यंत्रं त्यांच्या हातची होती. आणि त्या दिवाणखान्यात आठदहा वेताच्या खुर्च्या असताना अण्णांची जागा ठरलेली होती: दाराजवळचं लाकडी स्टूल.

"या मिस्त्री, बसा," वकील म्हणायचे, आणि बोट स्टुलाकडे. अण्णा बसायचे. शाळेत असल्यापासून मी हे बघत आलो होतो, आणि दर वेळी मला ते स्टूल खुपायचं. डॉक्टर खुर्चीवर, प्रोफेसर खुर्चीवर, हळदीचे व्यापारी खुर्चीवर. ज्याच्या हातामुळे हे सगळे ऐकत होते तो दाराशी, चपलांच्या शेजारी.

तर मी म्हणालो, "वकीलसाहेब, आता वेगळ्या प्रीॲम्पला काही अर्थ राहिला नाही. तुमची पेटी भंगारात नाही, पण म्युझियममध्ये नक्की शोभेल."

एकदोघं हसले. वकिलांनी मान किंचित वळवून माझ्याकडे पाहिलं. ती त्यांची लकब होती, उलटतपासणीतली.

"महांतेश, उंबरठ्याला तरी काय अर्थ असतो रे? त्याच्याशिवायही माणूस घरात येतोच. पण आपण उंबरठा ठेवतो. कोण आत यायचं, किती यायचं, ते तिथं ठरतं."

"उंबरठ्याला ठेच पण लागते, साहेब."

"लागते. खाली न बघणाऱ्याला." आता सगळेच हसले. "तुझ्या बापाच्या बोटांत जे आहे ते तुझ्या त्या डबीत नाही, आणि पुण्याच्या शोरूममध्येही नाही. तू डबी विक, बाळ. ऐकायचं काम आमच्याकडे राहू दे."

मी अण्णांकडे पाहिलं. ते खाली मान घालून हसत होते. बापाची स्तुती झाली होती, हे मला ऐकूच आलं नाही. माझ्या बापासमोर, आठ माणसांत, मला 'बाळ' म्हटलं, एवढंच ऐकलं.

म्हणून झाकण काढलं. खरखर हे निमित्त.

आतलं काम अण्णांचं होतं, सही करावी तसं. प्रत्येक सोल्डरचा डाग गोल, लखलखीत, हरभऱ्याच्या डाळीएवढा. डावी वाट वेगळी, उजवी वेगळी, दोन्हींच्या वायरी वेणीसारख्या गुंफलेल्या. पुढच्या बाजूला हेडफोनच्या दोन खोबण्या. आणि त्या खोबण्यांच्या अलीकडेच मला ते दिसलं. डावीकडून एक बारका रेझिस्टर, उजवीकडून एक, अगदी जोडीचे, आणि दोघांची टोकं एका ठिकाणी आणून डाग दिलेली. म्हणजे तिथून पुढे डावं-उजवं काही उरतच नव्हतं. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र कालवून तोच दोन्हीकडे जात होता, हेडफोनला आणि स्पीकरला पण.

ही चूक नव्हती. चुकून असं होत नाही, आणि अण्णांच्या हातून तर नाहीच. हे मुद्दाम केलेलं होतं. डागांवर धुळीचा थर होता, म्हणजे वर्षानुवर्षं जुनं.

मी खुर्चीवर मागे रेललो आणि मला हसू फुटलं. अण्णांनी, माझ्या त्या गरीब गायीसारख्या बापानं, सूड घेतला होता! मिरजेच्या सर्वांत मोठ्या कानाला इतकी वर्षं अर्धा स्वयंपाक वाढला होता, आणि तो कान बोटं चाटत 'वा' म्हणत होता. त्या घरात वाजायचं ते बहुतेक जुनं, एकाच मायक्रोफोनवर घेतलेलं, त्यामुळे बाकीच्यांना कळायचा प्रश्न नव्हता. पण वकिलांना? स्वतःला कान म्हणवणाऱ्याला? अण्णा स्टुलावर बसून खाली मान घालून का हसत होते, ते मला आत्ता कळलं. असं मला वाटलं.

आणि बापाचा अर्धवट राहिलेला सूड पुरा करायचं मी ठरवलं. दोन्ही रेझिस्टर काढले, शर्टाच्या खिशात टाकले, वाटा पुन्हा वेगळ्या केल्या. व्हॉल्यूम साफ केला. झाकण लावलं.

अण्णा आले तेव्हा त्यांनी पेटीवरून हात फिरवला, स्क्रू बोटांनी चाचपले. "उघडली न्हाईस न्हवं?"

"नाही. बाहेरनंच फवारा मारला."

माझ्यावर त्यांचा विश्वास होता, आणि एक डोळा तर बंदच होता.

पुढचा रविवार वकिलांच्या घरी नेहमीसारखा नव्हता. हे सांगितलं पाहिजे, कारण तो रविवार वकिलांसाठी काय होता ते मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

बुवांना जाऊन तीस वर्षं झाली होती. त्यांच्या टेपांची एक ट्रंक घरच्यांनी धनपालशेठ चौगुल्यांकडे सोपवली होती. शेठ हळदीचे मोठे व्यापारी, गाण्याचे शौकीन, बुवांच्या नावाच्या ट्रस्टचे अध्यक्ष. ट्रंकेतलं गाणं निवडून त्याच्या सीड्या काढायच्या होत्या. निवडायचं कुणी? मुंबईची कंपनी म्हणत होती, आमची माणसं निवडतील. शेठ म्हणत होते, बुवांचा शिष्य जिवंत असताना परक्यानं कशाला? त्या रविवारी एक टेप वकिलांबरोबर ऐकायची आणि ट्रंकेची किल्ली त्यांच्या हातात द्यायची, असं ठरून शेठ आले होते.

आणि टेप कुठली? ती बघून वकील दोन दिवस झोपले नव्हते, असं काकूंनीच सांगितलं. १९७१ सालची शिकवणीची टेप. त्या वेळी वकिलांकडे एक जर्मन टेपरेकॉर्डर होता, त्यावर एका पट्टीवर आधी एक आवाज भरायचा आणि तो ऐकत दुसऱ्या पट्टीवर दुसरा भरता यायचा. बुवा फिरतीवर जाण्याआधी एका पट्टीवर धडा गायचे. एक जागा गायची, मग तेवढाच वेळ गप्प राहायचं. वकील घरी बसून त्या मोकळ्या जागांत दुसऱ्या पट्टीवर तीच जागा गाऊन भरायचे, आणि बुवा आले की टेप त्यांच्यापुढे ठेवायचे. गृहपाठच तो. अशा बाकीच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. ही एक बुवांच्या ट्रंकेत राहिली होती. ती कॉम्प्युटरवर उतरवून देण्याचं काम शेठनी माझ्याकडे दिलं होतं. डावीकडे बुवा, उजवीकडे अठ्ठावीस वर्षांचे लिमये. मी उतरवताना ऐकली होती. काय गात होते बुवा!

"चाळीस वर्षांनी मी माझ्या गुरूबरोबर गाणार आहे, मिस्त्री," वकील अण्णांना म्हणाले. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. दिवाणखान्यात आल्या आल्या त्यांनी स्टुलाकडे बोट केलं आणि अण्णा बसले. "पेटी बरी झाली ना?"

"झाली, साहेब. पोरानं साफ केलीया."

त्या घरची एक रीत होती. नवी टेप आधी जोडीनं ऐकायची. स्पीकर बंद, दोन हेडफोन. एक वकिलांचा, एक ज्यानं टेप आणली त्याचा. प्रीॲम्पला दोन खोबण्या त्यासाठीच. एकट्यानं ऐकलेलं खरं नसतं, असं वकील म्हणायचे. बाकीच्यांनी तोवर गप्प बसायचं आणि त्या दोघांचे चेहरे बघायचे. दोघं माना हलवू लागले की स्पीकर चालू.

वकील दाराजवळची आपली नेहमीची खुर्ची सोडून यंत्रांपाशी धनपालशेठच्या शेजारी बसले. मी दोघांना हेडफोन दिले. कॉम्प्युटर जोडला. माझा बेत साधा होता. वकिलांना अचानक दोन बाजू वेगळ्या ऐकू येतील, ते दचकतील, विचारतील, हे काय? मग मी खिशातले दोन रेझिस्टर काढून टेबलावर ठेवणार आणि म्हणणार, साहेब, इतकी वर्षं हे होतं तेव्हा तुमच्या कानाला कळलं नाही, मग प्रीॲम्प काय आणि उंबरठा काय. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, हे त्यांचंच आवडतं वाक्य. आज बाप दाखवणार होतो.

मी टेप सुरू केली.

शेठचा चेहरा लगेच खुलला. डोळे मिटले, उजवा हात मांडीवर हलायला लागला. वकील मात्र स्थिर होते. चेहऱ्यावर वाट बघणाऱ्या माणसाचं हसू, पाहुणा फाटकाशी आलाय असं कळल्यासारखं. अर्धं मिनिट गेलं. मग ते किंचित चमकले, हसले. त्यांचा स्वतःचा आवाज आला असणार. मग पुन्हा वाट बघणं. पुन्हा चमकणं. हसू हळूहळू उतरत गेलं.

"बुवा कुठं आहेत?" ते म्हणाले. कानावर हेडफोन असलेला माणूस बोलतो तसे, फार मोठ्यानं. "अरे, बुवा कुठं आहेत यात? नुसता मीच आहे. मधे सगळं मुकं."

शेठनी डोळे उघडले.

"पुसलंस तू!" वकील उठून उभे राहिले, बोट माझ्यावर. "डबीवाल्या, कॉम्प्युटरवर घेताना बुवांचा आवाज पुसलास तू! चाळीस वर्षं ट्रंकेत राहिला तो आवाज, आणि तू एका दिवसात..."

"अहो वकीलसाहेब," शेठ एका बाजूचा हेडफोन सरकवून म्हणाले, "बुवा हायेत की. खणखणीत गातायत. ह्या डाव्या अंगाला. ऐका तरी."

"नाहीत! मी काय बहिरा आहे?"

काकू पोह्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या होत्या.

तेवढ्यात अण्णा स्टुलावरून उठले. घाईघाईनं, एका डोळ्यानं वाट काढत आले आणि वकिलांच्या उजव्या बाजूला उभे राहिले. "साहेब, माफी करा. चूक माझी हाय. त्यो हेडफोन जुना हाय, त्याचा डावा कान मेलाय. मला ठावं होतं, बदलायचा राहून गेला. पोराचा काय दोष न्हाई. आज ऱ्हाऊ द्या, फुडच्या रविवारी मी सोता..."

अण्णा माझ्यासमोर कधी खोटं बोलले नव्हते. गिऱ्हाइकाशी नाही, आईशी नाही. आणि ती हेडफोनची जोडी मीच सकाळी तपासली होती. त्यांच्या आवाजात जी काकुळती होती ती ऐकली आणि मला सगळं एकदम कळलं. मान वळवायची लकब. दोन वाटा एकत्र करणारे ते जोडीचे रेझिस्टर. तो सूड नव्हता. वकिलांचा डावा कान गेलेला होता, आणि माझ्या बापानं दोन्ही बाजू एका कानात आणून दिल्या होत्या.

मला कळलं होतं. हे मी दर वेळी स्वतःला सांगतो, कारण मन पळवाट शोधतं. नंतर कळलं असं नाही. त्या क्षणी, तिथं उभा असताना कळलं होतं. अण्णांनी पांघरूण घातलं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं.

पण आठ माणसांसमोर मला पुसणारा म्हटलं होतं. आणि माझा बाप, ज्याच्या हातून कधी एक डाग चुकला नाही, तो त्या माणसासाठी 'चूक माझी' म्हणत होता.

"हेडफोन चांगला आहे, अण्णा," मी म्हणालो. "मी सकाळी तपासलाय. आणि टेप पण चांगली आहे. वकीलसाहेब, बसा. फक्त हेडफोन उलटा घाला."

"म्हांतू," अण्णा म्हणाले. फक्त तेवढंच.

मी टेप पुन्हा पहिल्यापासून लावली. वकिलांच्या डोक्यावरचा हेडफोन काढला, फिरवला आणि उलटा बसवला. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. ते मुकाट्यानं बसले होते.

मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. आधी भुवया वर गेल्या. मग तोंड लहान मुलासारखं उघडलं. "आले," ते म्हणाले. "बुवा आले." डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. चाळीस वर्षांनी गुरू गात होता. ते सगळं विसरले, आम्ही समोर आहोत हेही.

बुवांची जागा संपली असावी. टेपवर आता पोकळी आली असणार, आणि तिच्यात शेजारच्या मेलेल्या कानात अठ्ठावीस वर्षांचे लिमये गात असणार. ते त्यांना ऐकू येत नव्हते. म्हणून त्यांनी स्वतःच ती जागा भरली. मोठ्यानं. अडुसष्ट वर्षांच्या, सवय गेलेल्या, फाटक्या आवाजात. स्वर कुठल्या कुठं. मग थांबले, मान हलवत बुवांना ऐकलं, आणि पुन्हा पोकळी आली तशी पुन्हा गायले.

शेठच्या कानात तेव्हा तरुण लिमये सुरेल गात होते, आणि कानाबाहेर हे. शेठनी आपला हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि खाली बघत राहिले. प्रोफेसर खिडकीबाहेर बघू लागले. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. तीन वेळा, चार वेळा वकील गायले. अण्णांनी पुढे होऊन टेप बंद केली तेव्हा कुठं थांबले.

त्यांनी डोळे उघडले आणि आमचे चेहरे वाचले. वकील होते. वेळ लागला नाही.

पहिल्यांदा बोलल्या त्या काकू. ताट अजून हातातच होतं. "म्हणून होय," त्या म्हणाल्या. "म्हणून पलंगाची बाजू बदललीत. त्याआधी मी रात्री डाव्या बाजूनं बोलत राहायची. आई गेली त्या रात्रीसुद्धा मी बोलत होते. मला वाटायचं, मुद्दाम उत्तर देत नाही तुम्ही." त्यांचा आवाज चढला नाही. "अकरा वर्षं मला वाटायचं, मुद्दाम."

वकिलांनी त्यांच्याकडे पाहिलं. बहुतेक ऐकू आलं असावं. त्या उजवीकडे होत्या.

पोहे कुणी खाल्ले नाहीत. शेठ निघताना वकिलांपुढे हात जोडून उभे राहिले, किल्ली असलेला कोटाचा खिसा एका हातानं दाबून धरत. "तब्येतीला जपा, साहेब," म्हणाले. किल्लीचं नाव निघालं नाही. जाताना माझ्या खांद्यावर थोपटून गेले.

खिशातले दोन रेझिस्टर मी टेबलावर ठेवलेच नाहीत. त्यांची गरज पडली नाही.

दुकानात आल्यावर अण्णांनी पेटीचं झाकण काढलं. रिकामी जागा बोटानं चाचपली. मग हात पुढे केला आणि मी रेझिस्टर त्यांच्या तळव्यावर ठेवले. डोळ्याची पट्टी वर सारून, डॉक्टरांचं सगळं बाजूला ठेवून, त्यांनी सोल्डरिंग तापायला लावलं.

"अकरा वर्सांमागं कोर्टाच्या काळ्या कोटातच आलते हितं," ते म्हणाले. "कानात सणक आली आनि एका दिसात गेला. डाक्टर म्हनले, फिरून येनार न्हाई. साहेब म्हनले, इराप्पा, कोर्टात कळलं तर पक्षकार जातील, आनि घरी कळलं तर ही रडंल. बुवांचं गाणं अर्धंच ऐकू येतंय, कायतरी कर. मी म्हनलं, दोन्ही अंगं एका कानात आनून देतो. पायावर हात ठेवाय वाकले, मी धरलं." त्यांनी पहिला डाग दिला. धूर त्यांच्या ओल्या डोळ्यात गेला. "ह्ये काम तुझ्या डबीत हुतंय?"

"मला वाटलं, तुम्ही त्यांच्यावर... ते तुम्हाला स्टुलावर बसवायचे, अण्णा. दाराशी. एवढ्या खुर्च्या असताना."

त्यांनी सोल्डरिंग खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्या ओळखीचा आहे की नाही ते ठरवत असल्यासारखं.

"त्ये स्टूल दाराशी न्हवतं," ते म्हणाले. "त्येंच्या उजव्या कानाशी हुतं. गाण्यात काय बिघडलं तर मी हळूच सांगावं म्हून."

दुसरा डाग देऊन त्यांनी झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन ते स्वतः ब्राह्मणपुरीत गेले आणि तशीच परत घेऊन आले. वकिलांनी दार उघडलं नव्हतं. रविवार बंद झाले. ती पेटी अजून माझ्या दुकानात वरच्या फळीवर आहे.

त्या धुरानं म्हणा की कशानं, अण्णांचा तो डोळा नीट झाला नाही. बारीक काम सुटलं. मी पुण्याला परत गेलो नाही, दुकान मीच बघायला लागलो. अण्णा माझ्याशी बोलायचे बंद झाले असं नाही. जेवलास का, लाइटचं बिल भरलंस का, सगळं बोलायचे. फक्त त्यांनी मला म्हांतू म्हणायचं सोडलं. मिस्त्री म्हणायला लागले.

सीड्यांचं काम शेठनी मला दिलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, पोराचा कान तयार आहे, भल्याभल्यांना त्यानं उघडं पाडलंय. ट्रंकेची किल्ली माझ्या खिशात आली. शिकवणीच्या टेपबद्दल मुंबईच्या कंपनीनं कळवलं की लोकांना बुवा हवेत, कोण तो शिष्य नको. कॉम्प्युटरवर ते दहा मिनिटांचं काम होतं. उजवी पट्टी काढून टाकली. मग मधे मधे नुसत्या पोकळ्या राहिल्या, त्या कापल्या आणि बुवांच्या जागा एकमेकींना जोडून दिल्या. ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही, इतकं सफाईदार. बापाचा हात माझ्यात आहे.

सीडी निघाल्यावर एका संध्याकाळी वकील दुकानात आले. वर्षभरात खूप वाळले होते. अण्णा कोपऱ्यात बसले होते, ते उठून उभे राहिले. वकील काउंटरच्या अशा बाजूला येऊन थांबले की मी त्यांच्या उजवीकडे यावं. आता लपवायचं काही नव्हतं.

"सीडी ऐकली," ते म्हणाले. "माझा आवाज काढलास."

"कंपनीनं सांगितलं, साहेब."

"बरं केलंस. बुवांशेजारी तो नकोच होता." त्यांनी हातातली सीडी काउंटरवर ठेवली, सरळ केली. "पण मधल्या जागा तरी ठेवायच्या होत्यास रे. बुवा थांबत होते तिथं. माझ्यासाठी थांबत होते."

ते वळले, पायरीवर तोल गेल्यासारखं झालं, आणि अण्णांनी धावत जाऊन त्यांना उजवीकडून धरलं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी हळूच सांगितलं. काय ते मला ऐकू आलं नाही.

मग माझ्याकडे न बघता अण्णा म्हणाले, "मिस्त्री, साहेबांना रिक्षा बघा."